चाचणीचा पहिलवान

यात्रेतल्या कुस्त्यांच्या जोड्या लावणारा प्रोग्राम मी तयार केला, तो नीट चालतोय का ते बघायला स्वतःचंच नाव पहिलवान म्हणून टाकलं, आणि काढायला विसरलो.

एवढीच चूक. नाकाचं हाड, उजवा खांदा आणि खालचा एक दात हे सगळं त्या एका नोंदीपायी गेलं. पुढं लोकांनी या गोष्टीला बरंच तिखटमीठ लावलं. कुणी म्हणालं, पिऊन आखाड्यात शिरला. कुणी म्हणालं, पोरीवर छाप पाडायला गेला. यातलं काहीही खरं असतं तरी मला बरं वाटलं असतं. त्यात निदान माझी काही इच्छा तरी दिसली असती.

मी तेव्हा जळगावात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय घेतला होता ऑपरेशन्स आणि माहिती व्यवस्थापन. आमचं घर दीपनगरच्या कॉलनीत, वडील वीज केंद्रात. मी नेमकं काय शिकतो ते मला आईला कधी समजावता आलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "रांगा कमी कशा करायच्या ते शिकतोय." मला राग यायचा. आता वाटतं, दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिनं एका दमात सांगितला होता आणि फीसुद्धा घेतली नव्हती.

आम्हाला शिकवणारे सर आधी पाइपांच्या कारखान्यात होते. तिथली सवय त्यांच्या हातात राहिली होती. वर्गात आले की फळ्यावर गोल, बाण, गोल, बाण असं काढत जायचे आणि वळून विचारायचे, "अडलं कुठं?" उत्तर चुकलं की डस्टर यायचं. साधं नाही, लाकडी पाठीचं. मी शेवटच्या बाकावर बसायचो ते टप्प्याबाहेर राहावं म्हणून. तरी एकदा ते माझ्या कानशिलावर बसलंच. डोळ्यांसमोर काजवे चमकत असताना सरांनी विचारलं,

"हे काय झालं?"

"लागलं सर."

"चूक. हे आऊटपुट आहे. इनपुट काय होतं?"

वर्ग हसला. मी पण हसलो, कारण दुसरं डस्टर त्यांच्या डाव्या हातात होतं.

सरांचं एक वाक्य मात्र सगळ्यांना पाठ होतं. ते म्हणायचे, सिस्टीममधली खोटी नोंद म्हणजे भिंतीतून लोंबणारी उघडी वायर. आज कुणाला काही होत नाही म्हणून ती मेलेली आहे असं समजू नका. चाचणीचा डेटा वेगळा ठेवा, काम झालं की पुसा, आणि पुसला का ते दुसऱ्याकडून बघून घ्या. मी मनात म्हणायचो, मी दीपनगरचा. उघडी वायर मला कुणी शिकवू नये.

शेवटच्या सत्रात प्रत्येकानं प्रत्यक्ष चालणारं एक काम निवडून त्यातली अडचण दूर करून दाखवायची होती. कुणी डाळमिल घेतली, कुणी भुसावळच्या मालधक्क्यावरचं केळीचं लोडिंग घेतलं. मला उन्हात उभं राहायचं नव्हतं. तेवढ्यात धुळ्याकडून मामांचा फोन आला.

मामांचं गाव शिरपूरच्याही पुढं, वर सातपुडा दिसतो अशा ठिकाणी. तिथल्या यात्रेत कुस्त्यांचा मोठा आखाडा भरतो. मामा त्या कुस्त्यांच्या पंचांतले एक. पद्धत अशी की पहिलवान आखाड्यात येऊन उभे राहतात, पंच त्यांच्याकडे बघतात, मनगट चाचपतात, आणि दोघांना समोरासमोर उभं करून जोड लावतात. लोकांना जोड पटली तर टाळ्या. नाही पटली तर चारी बाजूंनी ओरडा सुरू होतो, जोड जमत नाही, जोड जमत नाही.

आदल्या वर्षी तो ओरडा थांबलाच नव्हता. डोंगराखालच्या एका पाड्यावरच्या कोवळ्या पोरासमोर पंचांनी आमच्या गावचा अंगानं दीडपट असलेला गडी उभा केला. पाड्यावरची माणसं उठली. आमची उठली. कुणीतरी मंडपाचा बांबू उपसला आणि मंडप खाली आला. त्या कापडाखाली कोण कुणाला मारतंय हे मारणाऱ्यालाही दिसत नव्हतं. जिलेबीवाल्याची उकळती कढई कलंडली, त्यात एकाची पोटरी सोलून निघाली. पाड्यावरच्या एकाचं डोकं फुटलं. ते बघून त्याच्या भावानं काठी फिरवली, ती मामांच्या हातावर बसली आणि हाड आतल्या आत मोडलं. मोटारसायकल पेटवली ती कुणाची हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण दोन्ही बाजू ती आपलीच होती म्हणत होत्या.

पोलिसांनी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना समोर बसवून सांगितलं, पुढच्या वर्षी एक जरी डोकं फुटलं तरी कुस्त्या कायमच्या बंद. मामांना मोडलेल्या हाताचं काही नव्हतं. हाड जुळून येतं. पण आजोबांच्याही आधीपासून चालत आलेला आखाडा आपल्या पंचकीत बंद पडला असं म्हणतील, याचा त्यांनी धसका घेतला होता.

फोनवर ते म्हणाले, "भाचा, तुना कॉम्प्युटर जोड लाई का? मानसानी लायेल जोड कोनी मानत नही आते."

मी म्हणालो, "लावेल की मामा. वजन, वय, तालमीचा अनुभव टाकायचा. बरोबरीचा गडी आपोआप समोर येईल."

"कोनाले बदलता येई का ती?"

"कुणालाच नाही. तुम्हालाही नाही अन् मलाही नाही."

हे मी फुशारकीनं बोललो. मामांनी ते दोन्ही गावांत दवंडीसारखं सांगितलं. यंदा जोड कॉम्प्युटर लावणार, पंचही ती बदलू शकणार नाहीत, आणि पुकारण्याआधी ती कुणालाही दिसणार नाही. लोकांना ते पटलं. जो कुणाचा पाहुणा नाही आणि कुणाचं मीठ खाल्लेला नाही असा पंच त्यांना पहिल्यांदाच मिळत होता.

सरांना विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, "रांग आहे, क्षमता आहे, प्राधान्यक्रम आहे. ठीक आहे. फक्त स्वतःला दुखापत करून घेऊ नकोस." त्यांना लॅपटॉपचा शॉक वगैरे म्हणायचं असावं.

प्रोग्राम मी हॉस्टेलवर केला. दुपारी मेसची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन जड झाल्यावर चाचणीला बसलो. खोटे दहा-बारा पहिलवान तयार केले, त्यांच्या गावाच्या रकान्यात 'चाचणी' असं लिहिलं. नोंदणी करताना मोबाईलवर कोड येतो का ते बघायचं राहिलं होतं. त्यासाठी खरा नंबर हवा, म्हणून स्वतःचा टाकला. नंबर स्वतःचा तर नाव स्वतःचं, वजन स्वतःचं. गाव निवडायच्या यादीत मामांचं गाव सगळ्यात वर होतं, तेच दाबलं. तालमीचा अनुभव या रकान्यात शून्य टाकलं तर प्रोग्राम पुढं जाऊ देईना, म्हणून बोटाला जो आकडा लागला तो दाबला. नऊ.

कोड आला. मी खूश झालो. मग शहाण्या माणसासारखं ज्यांच्या गावापुढं 'चाचणी' आहे अशा सगळ्या नोंदी एका झटक्यात पुसल्या. दुसऱ्याकडून बघून घ्यायचं होतं, पण शेजारच्या खोलीतला मित्र झोपला होता आणि त्याला उठवलं की तो चप्पल फेकून मारायचा.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून कापसाच्या काट्यावर पहिलवानांची वजनं झाली. मी टेबलाशी बसून नोंदी घेत होतो. पायजमा, गॉगल, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. ओळखपत्राची काही गरज नव्हती. पलीकडं गोडीशेवेची दुकानं, पाळणा, आणि आखाड्याच्या दोन्ही अंगांना दोन्ही गावांची माणसं. पाड्यावरची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली होती आणि ट्रॉलीतल्या ताडपत्रीखाली काठ्या होत्या. आमच्याकडे नव्हत्या असं नाही. आमच्या काठ्या मंडपासाठी जादा बांबू म्हणून आदल्या दिवशीच येऊन पडल्या होत्या. मंडप तर यंदा घातलाच नव्हता.

पहिल्या कुस्त्या अशा लागल्या की मीच बघत राहिलो. जोड माईकवाल्याच्या मोबाईलवर परस्पर जायची, तो पुकारायचा, आणि गडी आखाड्यात उतरेपर्यंत पुढची तयार असायची. आखाडा क्षणभर रिकामा राहत नव्हता. आणि कुस्त्या तरी कशा! बरोबरीचे गडी समोरासमोर आल्यावर कुणी सहज पडत नाही. एकाच्या भुवईची चामडी फाटून डोळा रक्तानं बुजला तरी तो समोरच्याचा पट सोडेना. एकाच्या बरगडीचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. पंच त्याला उचलायला गेले तर त्यानं पंचांनाच ढकललं. लोक वेडे झाले होते, पण जोडीवरून कुणी चकार शब्द काढला नाही. मामांनी लांबून माझ्याकडे बघून मान डोलावली. मी गॉगल डोक्यावर चढवला. मनात अहवालाचा शेवटचा परिच्छेद लिहायला घेतला.

मग माईकवाल्यानं पितळी हंड्याची कुस्ती पुकारली. मानाच्या कुस्तीच्या खालोखाल ती. हा माईकवाला गावातला निवृत्त मास्तर, मिळेल त्या माहितीला फोडणी दिल्याशिवाय तो ती वाढत नसे. आधी त्यानं पाड्यावरच्या पहिलवानाचं नाव घेतलं. मागच्या वर्षी ज्याचं डोकं फुटलं त्याचा धाकटा भाऊ. मामांच्या हातावर काठी मारणारा तो हाच. मग घसा खाकरून म्हणाला,

"आणि त्याच्यासमोर, मंडळी, आपल्या गावाचा वाघ! बहात्तर किलो वजन! नऊ वर्षं तालमीच्या लाल मातीत घाम गाळलेला..."

आणि माझं नाव घेतलं.

माझ्या नावाचा दुसरा कुणी असेल म्हणून मी मागं वळून बघितलं. ते बघताना मला आमच्या गावचे सगळे चेहरे दिसले. ते सगळे माझ्याकडेच बघत होते.

मामा आले. त्यांचा मोडून जुळलेला हात थोडा वाकडाच राहिलाय, तोच त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

"हाई काय शे, भाचा?"

"मामा, ती चाचणी होती. चुकून राहिली. रद्द करतो, दोन मिनिटं द्या."

"कशी रद्द करशी? बठ्ठा गावले सांगेल शे, पंच बी बदलू शकत नही. आते आपलाच मानूस उना तव्हढामाच बदलाई गयी?"

पाड्यावरची माणसं उभी राहायला लागली होती. त्या गावाचा नियम असा की माईकवरून नाव आणि गाव पुकारलं गेलं की त्या गड्यानं मातीत उतरायचंच. नाही उतरला तर ते गाव पळालं. आणि पंचाच्या भाच्यासाठी नियम फिरवला तर काय, ते ताडपत्रीवरचे हात बघून कळत होतं. एकानं ताडपत्रीची दोरी सोडलीही होती.

"मामा, तो मला मारेल."

"मारी," मामा म्हणाले. "पन एखलाच मारी. तू नही उतरना तं बठ्ठा मारतीन, आन् बठ्ठासले."

एकानं एकाला, नाहीतर सगळ्यांनी सगळ्यांना. मी आयुष्यात ऐकलेलं क्षमता नियोजनाचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

लंगोट कुणाचा तरी होता, तो माझ्या अंगावर दोघांनी बांधला. एक जण बांधत होता, दुसरा हसत होता. अंगावर मातीचा एक कण कधी घेतला नव्हता अशा माझ्या पांढऱ्याफटक पोटाकडे बघून बायकांच्या बाजूनं एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "नऊ वरीस सावलीमा तालीम करी व्हई यानी." हलगी सुरू झाली.

आखाड्यात तो उभा होता. उंची माझ्याएवढीच, वजन माझ्याएवढंच. प्रोग्रामची चूक नव्हती. फक्त त्याचे बहात्तर किलो दोरखंडासारखे वळलेले होते आणि माझे मेसनं भरलेले. सलामीला हात मिळवला तेव्हा त्यानं माझा तळवा दाबून बघितला आणि त्याचा चेहरा बदलला.

"कोन शे रे तू?"

मी कुजबुजलो, "मी पहिलवान नाही. मी कॉम्प्युटरवाला. चाचणीची नोंद पुसायची राहिली. तू मला लगेच पाड आणि हंडा घे."

त्याच्या नाकपुड्या फुगल्या. एका दिवसात एका गड्याला एकच कुस्ती, हा तिथला दुसरा नियम. म्हणजे त्याचा वर्षाचा दिवस माझ्यावर खर्ची पडला होता.

"वरीसभर माटीमा लोळनू," तो दात आवळून म्हणाला, "आन् माले हाऊ भेटना." मग त्यानं मान न वळवता आपल्या लोकांकडे नजर टाकली. "आते पाडं तं मना मानसं म्हनतीन, पंचनी आमनी थट्टा करी. बठ्ठा काठ्या लेतीन. लढाई दिसाले जोयजे."

"किती वेळ दिसायला पाहिजे?"

"हलगीवाला दमी तधलोंग."

मी हलगीवाल्याकडे बघितलं. तरणाबांड होता.

माझ्या मानेवर त्याचा हात पडला तो लोखंडी नळासारखा. दुसऱ्या क्षणी त्यानं माझे पाय खालून उपसले आणि मी तोंडावर पडलो. दात तिथं गेला. तोंडात माती, तेल, हळद आणि रक्त यांचं मिश्रण झालं. त्यानं माझ्या मानेवर गुडघा रोवला आणि माझं नाक जमिनीत घासत मला गोल फिरवला, शेतात वखर फिरवतात तसा. लोक ओरडत होते. कानाजवळ त्याचा आवाज आला, "ओरडू नको. उठ." मी उठलो. त्यानं पुन्हा पाडला. पोटाभोवती पायांची कैची घालून आवळली तेव्हा सकाळचे पोहे घशापर्यंत आले, आणि मी ते गिळले. गावाची अब्रू मी त्या दिवशी नेमकी कुठं राखली असेल तर ती तिथं.

पुढच्या झटापटीत त्याचं डोकं माझ्या नाकावर आदळलं. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. छातीवर रक्ताची धार लागली. बघणाऱ्यांना आता कसलीही शंका राहिली नव्हती. पाड्यावरची माणसं खाली बसली होती, काही हसत होती. ताडपत्रीची दोरी सोडणारा टाळ्या वाजवत होता. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "माले ढकल एकदाव."

मी ढकललं. तो दोन पावलं मागं जाऊन एका गुडघ्यावर बसला. आमच्या गावचा जो आवाज उठला, तो आवाज! टोप्या उडाल्या. मास्तर माईकवर किंचाळला, "वाघ! वाघ!" मामांचा वाकडा हात हवेत गेला. आणि माझ्या डोक्यात काहीतरी शिरलं. इथं खरंतर पडून राहायचं होतं. मी मांडीवर शड्डू ठोकला. तेवढ्यावर थांबलो नाही. मोबाईलवर कधीतरी बघितलेला डाव आठवला आणि त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला उचलायला गेलो.

त्याला वाटलं, मी खोटं बोललो.

धोबीपछाड म्हणजे काय हे मी तोवर फक्त ऐकून होतो. त्यानं माझा उजवा हात आपल्या खांद्यावर ओढला, मी आभाळ बघितलं, सातपुडा उलटा बघितला, आणि पाठीवर आपटलो. हात मात्र त्याच्याकडेच राहिला. खांदा आपल्या जागेवरून निघाला तेव्हा मी जे ओरडलो ते पाळण्यापर्यंत गेलं म्हणतात. कुस्ती झाली. मी चीत.

क्षणभर बरं वाटलं. संपलं होतं.

पण संपलं नव्हतं. आमच्याच बाजूनं एक जण उठला. टोपी उडवणाऱ्यांतलाच. नऊ वर्षांचा तयार पहिलवान असा पोत्यासारखा पडेल कसा? तो ओरडला, "नुरा कुस्ती! ठरवून पडला! पैसे खाल्ले भाच्यानं!"

ठरवून केलेली कुस्ती यापेक्षा घाण शिवी आखाड्यात नाही. पहिला दगड आला तो मास्तरच्या माईकला लागला आणि भोंग्यातून कानठळ्या बसतील असा आवाज निघाला. दुसरा मामांच्या कपाळाला लागला. ते खाली बसले, बोटांमधून रक्त येत होतं. जादा बांबू उचलले गेले. पलीकडे ताडपत्री सरकली. हे सगळं मी जमिनीवर पडून, आडवं बघत होतो. मागच्या वर्षी काय झालं होतं ते आता मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग माझी मान मागून कुणीतरी धरली. तोच. त्यानं मला एका हातानं उभा केला आणि केसांना धरून माझा चेहरा आमच्या गावाकडे वळवला. नाक एका गालाकडे गेलेलं, ओठ फाटलेला, हनुवटीपासून बेंबीपर्यंत रक्त.

"हाई नुरा शे का?" तो गरजला.

मग मला गरकन फिरवून आपल्या माणसांसमोर धरला. "हाई थट्टा शे का?"

आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून माझा निखळलेला हात मनगटाला धरून वर केला आणि सोडून दिला. तो कुणाचा तरी असल्यासारखा लोंबत खाली आला. बायकांतून हाय हाय झालं. पुढच्या रांगेतल्या एकानं तोंड फिरवलं.

"ज्याले नुरा वाटस त्यानी आथा यावं," तो दगड मारणाऱ्याकडे बोट करून म्हणाला. "त्याले बी अशीच दाखाडस."

कुणी आलं नाही. मामा कपाळाला टोपी दाबून उठले आणि आखाड्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्या हातात हंडा दिला. ज्या हातानं त्यांचं हाड मोडलं होतं, तोच हात. बांबू हळूहळू खाली गेले. मास्तरनं फुंकर मारून माईक बघितला आणि म्हणाला, "अत्यंत चुरशीची लढत." मी तिथंच बेशुद्ध पडलो, आणि हे मी त्या दिवशी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

धुळ्याच्या दवाखान्यात खांदा बसवला. नाक बसवलं, ते थोडं डावीकडे कलून राहिलं. आई आली, माझ्याकडे बघितलं आणि मामांना म्हणाली, "रांग कमी झाली का?"

तोंडी परीक्षेला मी गळ्यात हात अडकवून गेलो. अहवालात मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मानवी हस्तक्षेप शून्य. सरांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना काही कळत नव्हतं.

"अडलं कुठं?" सरांनी विचारलं.

"चाचणीची नोंद पुसायची राहिली, सर."

त्यांचा हात सवयीनं डस्टरकडे गेला. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मारायला कुठं मोकळी जागा आहे का ते बघितलं, आणि डस्टर परत ठेवलं. पास केलं.

त्या वर्षी एकही डोकं फुटलं नाही असं पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं. मामांनी कपाळावरची जखम दारावर आपटून झाली म्हणून सांगितली आणि माझं नाक तर डोक्यात धरलंच नाही. पुढच्या यात्रेला परवानगी मिळाली. मामांनी मला पुन्हा बोलावलं. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "जोड्या चांगल्या लागतस रे. तूच फक्त नको लागू."

म्हणून मी पुन्हा त्या टेबलाशी बसलो होतो, कापसाच्या काट्याशेजारी. गॉगल नाही, ओळखपत्र नाही. आखाडा ओला करून ठेवला होता, हलगीवाला चामडं शेकत होता. ट्रॉली आली. यंदा ताडपत्री नव्हती. त्यातून तो उतरला आणि नोंदणीला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. भावाला सोबत आणलं होतं, डोक्यावरची जुनी खूण दाखवत भाऊ माझ्या नाकाकडे बघत होता.

मी त्याचं वजन घातलं, वय घातलं, अनुभव एक वर्षानं वाढवला. तो वाकून पडद्याकडे बघत होता.

"तुनं नाव शे का यामा?"

"नाही भाऊ. शंभर वेळा बघितलं. पुसलंय."

"लिख," तो म्हणाला. "कुस्ती नंतर व्हई. पहिले आंग मोकळं कराले कोनी तरी जोयजे ना."